अण्णा उर्फ परचेस

मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या घरी कुणालाच धड सांगता येत नाही. बायको पाहुण्यांना "हे कॉम्प्युटरमध्ये आहेत" असं सांगते, आणि पाहुणे मी तिथे कसा मावत असेन अशा नजरेनं माझ्या पोटाकडे बघतात. आई होती तोवर म्हणायची, "याच्या ऑफिसात पोस्ट आहे, तिथं असतो तो." सगळ्यांत बरोबर तीच होती. पुण्यातल्या एका संस्थेत (नाव नको, ग्रॅच्युइटी अजून हातात पडायची आहे) गेली अठ्ठावीस वर्षं मी लोकांचे उर्फ सांभाळतो.

उर्फ म्हणजे तेच, सातबाऱ्यावर आणि कोर्टाच्या समन्सवर असतं ते. गणपत उर्फ गणू वल्द अमुक. ईमेलच्या दुनियेत त्याला एलियस म्हणतात. आमचे पहिले साहेब त्याला एलियन म्हणत. "अहो, मला एक एलियन काढून द्या संध्याकाळपर्यंत," असं चारचौघांत ओरडत. मीही देत असे काढून. एक साधी फाइल असते. डावीकडे लोक ज्या नावानं हाक मारतात ते नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, आणि उजवीकडे ज्याला ओ द्यायची आहे तो माणूस. बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन नावाच्या गृहस्थानं सेंडमेल नावाचा टपाल वाटणारा प्रोग्रॅम लिहिला, त्याच्यासोबत ही फाइल जगभर पोचली. ऑलमनना काहीतरी नवीन शोधून काढल्यासारखं वाटलं असेल. मराठी माणसाला यात शिकवण्यासारखं काय आहे? आमच्याकडे पोर बारा दिवसांचं होतं तेव्हाच त्याला एक नावरस नाव असतं, एक पाळण्यातलं असतं, एक आत्यानं कानात सांगितलेलं असतं आणि चौथं, जन्मभर चिकटणारं, बंड्या. हाक कुठलीही मारा, रडणारं पोर एकच. राम गणेश गडकरी कविता गोविंदाग्रज म्हणून लिहायचे, विनोद बाळकराम म्हणून आणि नाटकं स्वतःच्या नावानं. माझ्या भाषेत सांगायचं तर तीन पत्ते आणि मेलबॉक्स एक. माणिक गोडघाटे नावाच्या कवीला पत्र घालायचं तर पाकिटावर ग्रेस. आणि रोज संध्येला बसणारे आमचे सासरे विष्णूची चोवीस नावं घेतात, तेव्हा मला हटकून चोवीस ओळींची फाइल दिसते. प्रत्येक ओळीच्या उजवीकडे एकच पत्ता, वैकुंठाचा.

तर फाइल सोपी आहे. भानगड अशी की ती प्रत्येक मशीनवर वेगळी असायची. मी लागलो तेव्हा आमच्याकडे चौदा मशीनं होती. एखाद्या विभागाचा प्रमुख बदलला की मी चौदा ठिकाणी जाऊन एकच ओळ चौदा वेळा बदलायचो. गावात कुणी गेलं की घरोघर जाऊन सांगतात, तसा. त्यातही एखादं घर राहायचंच. मग त्या घरातून पुढे वर्षभर मयताच्या नावानं आमंत्रणं जात राहायची.

यावर सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं १९८० च्या दशकात तोड काढली होती, ती आमच्याकडे जरा उशिरा पोचली. एका मशीनवर गावाचं एकच दफ्तर ठेवायचं, बाकीच्यांनी नेटवर्कवरून त्यालाच विचारायचं. या सेवेचं नाव त्यांनी ठेवलं यलो पेजेस. पण ब्रिटनमध्ये हे नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं निघालं. मग तिचं नाव बदलून नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस, एनआयएस, असं केलं. कागदोपत्री केलं, एवढंच. आतल्या सगळ्या आज्ञा आजही वायपी या अक्षरांनीच सुरू होतात. वायपीकॅट, वायपीमॅच, वायपीबाइंड. आमच्या थोरल्या काकूचं लग्नात नाव बदलून सुमती ठेवलं. तांदळात लिहिलं, सगळं रीतसर झालं, आणि माहेरचे शेवटपर्यंत तिला शकूच म्हणत राहिले. तसंच. जगातल्या सगळ्या उर्फांचं दफ्तर सांभाळणारी ही बाई स्वतःच उर्फ लावून फिरत होती, म्हणूनच मला ती पहिल्या दिवसापासून घरातली वाटली.

तिचा एक स्वभाव मात्र होता. फाइलीत बदल केला की काम झालं, असं नाही. त्यानंतर वायपीच्या डिरेक्टरीत जाऊन मेक अशी आज्ञा द्यायची, मग तो बदल नकाशात, म्हणजे नेटवर्कवरच्या यादीत, चढायचा आणि बाकी मशीनांना दिसायचा. मेक विसरलं की फाइलीत नाव आहे, दाखवलं तर दिसतंय, वाचून दाखवता येतंय, पण मेल काही येत नाही. रेशनकार्ड ज्यानं काढलं आहे त्याला हे नव्यानं सांगायला नको. रजिस्टरात नाव असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या योनी आहेत. एकदा एक नवे सहायक संचालक रुजू झाले आणि मी मेक विसरून गणपतीला चिपळूणला गेलो. सहा दिवस त्या माणसाला एकही मेल आलं नाही. परत आलो तर म्हणाले, "फार शांत संस्था आहे हो तुमची." मी मेक दिलं. त्यानंतर ते तसं कधी म्हणाले नाहीत.

आता अण्णांकडे येतो.

अण्णा आमचे खरेदी अधिकारी. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, एक सहीचं आणि एक मागितल्यावर द्यायचं. परचेस या नावानं येणारं सगळं मेल अण्णांना जायचं. १९९९ मध्ये अण्णांची बदली स्टोअर्सला झाली आणि खरेदीला एक मॅडम आल्या. मी दफ्तरात एक ओळ बदलली, मेक दिलं, लक्षात ठेवून दिलं, आणि चहाला गेलो. आठवड्यानं मॅडम आल्या.

"तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांची एकही मागणी माझ्याकडे येत नाही. हे मुद्दाम चाललंय."

"मुद्दाम कोण कशाला करेल?"

"ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

मी वायपीमॅच लावून विचारलं, परचेस कोण? उत्तर आलं, मॅडम. दुसऱ्या मशीनवरून विचारलं, मॅडम. चौदाच्या चौदा मशीनांनी एकमुखानं मॅडमचं नाव घेतलं, तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंग सेक्शनच्या मशीननंसुद्धा. आणि त्या मशीनवरून परचेसला मेल पाठवलं की ते बिनचूक स्टोअर्समध्ये अण्णांना जाऊन मिळायचं. अण्णा तक्रार करत नव्हते, हे त्यातलं विशेष. उलट ती मागणी छापून घ्यायचे, त्यावर 'पाहिले' असा शेरा मारायचे आणि शिपायाबरोबर खाली पाठवायचे.

तीन दिवस गेले. पंचांग सोडून सगळं बघून झालं. चौथ्या दिवशी त्या मशीनवरची एक पाच ओळींची फाइल उघडली. आलेला प्रश्न आधी कुणाला विचारायचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. एलियसेस या शब्दापुढे लिहिलं होतं, फाइल्स, मग एनआयएस. म्हणजे आधी घरात विचारा, घरात नाही मिळालं तर गावात. आणि वायपीमॅच घरात विचारतच नाही, थेट चावडीवर जातं, म्हणून त्याचं उत्तर बरोबर. घरातली जुनी फाइल उघडली. एनआयएसच्या आधीच्या काळातली, मीच चौदा घरं हिंडलो तेव्हाची, माझ्याच हातची ओळ तिथे बसलेली होती: परचेस, दोन टिंबं, अण्णा. चावडीवर काहीही ठरो, या घरात अजून अण्णाच खरेदी अधिकारी होते. मी ती ओळ पुसली. मॅडमचा राग गेला नाही, कारण एकदा राजकारण ठरवलं की ते स्पेलिंगची चूक म्हणून मागे घेता येत नाही. आणि दोन दिवसांनी अण्णा जिन्यात भेटले. म्हणाले, "तिसऱ्या मजल्याचं बंद झालं वाटतं?" मी हो म्हटलं. ते "बरं झालं, फार व्याप होता," म्हणाले आणि मागितल्यावर द्यायच्या पेनाची टोपी उगीचच काढून लावत राहिले.

एनआयएसला दुसरी खोड होती, पोटात काही न ठेवण्याची. वायपीकॅट ही आज्ञा नेटवर्कवर बसलेल्या कुणीही द्यावी, ती अख्खं दफ्तर वाचून दाखवायची. कुठल्या नावामागे कोण कोण आहे, सगळं. आमच्या सात जणांनी चहा नावाचा एक उर्फ करून घेतला होता. चहा या पत्त्यावर "चला" एवढंच लिहिलं की सातही जण उठायचे. मोठी सोय होती. साहेबांनी एके दिवशी नवीन शिकलेली वायपीकॅट चालवून पाहिली आणि चहामध्ये आपण नाही, हे त्यांना समजलं. काही बोलले नाहीत. फक्त मला म्हणाले, "आठवा एलियन बसेल का हो त्यात?" बसवला. त्यानंतर चहा या पत्त्यावर कुणी कधी काही लिहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे नवीन उर्फासाठी रीतसर अर्ज आला, त्याचं नाव काढा. सभासद सात.

नावांवरून होणारी भांडणं हा वेगळा ग्रंथ होईल. तीन एस. जोशी असतात. पहिला आला तो एस जोशी झाला, दुसऱ्याला मधलं अक्षर लावलं, तिसरा म्हणाला मी दोघांहून सीनिअर आहे. वाघ आडनावाचे दोघे, एकाचा व व्हीचा आणि दुसऱ्याचा डब्ल्यूचा, आणि बाहेरून येणारं मेल नेमकं उलट्या वाघाला. विदर्भातले जाधव शेवटी ओ लावतात, इकडचे व्ही लावतात, म्हणून मी प्रत्येक जाधवाला न मागता दोन्ही पत्ते देतो. लग्नानंतर मुली यायच्या. एकीनं विचारलं, "माहेरचं नाव ठेवून सासरचंही चालू करता येईल का? दोन्हीकडचं मलाच मिळेल ना?" म्हटलं, बाई, सगळ्या सरकारी खात्यांत मिळून जे जमणार नाही, ते इथे एका ओळीत होतं.

मग एनआयएसच्या जागी एलडॅप आलं. त्यातला एल म्हणजे लाइटवेट, हलकंफुलकं. ते कशाच्या मानानं हलकं, हे कळायला आधी एक्स.५०० बघायला हवं. १९८८ मध्ये टेलिफोन खात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जगातल्या सगळ्यांच्या पत्त्यांसाठी एक भव्य पद्धत मंजूर केली होती. ती इतकी भव्य होती की साध्या मशीनांना उचलेना. मग मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि मंडळींनी तिचं हलकं रूप बेतलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. शंभर किलोच्या पहिलवानाशेजारी ऐंशी किलोचा माणूस सडपातळच दिसणार.

त्याचं ट्रेनिंग घ्यायला आम्हा चौघांना पाठवलं होतं. शिकवणारा मुलगा फळ्यावर लिहीत होता: आधी व्यक्तीचं नाव, मग विभाग, मग संस्था, शेवटी देश. मधे स्वल्पविराम. लहानाकडून मोठ्याकडे जायचं. याला डिस्टिंग्विश्ड नेम म्हणतात, असं त्यानं सांगितलं आणि हे समजायला सगळ्यांनाच जड जातं, अशी प्रस्तावना केली. आम्ही चौघं एकमेकांकडे बघू लागलो. रा. रा. अमुक, मुक्काम पोस्ट तमुक, तालुका वाई, जिल्हा सातारा. लग्नपत्रिकेची पाकिटं लिहिण्यात ज्यांचा मे महिना गेलाय त्यांना हे काय शिकवणार? नमुन्यापुढे फक्त "यांसी सा. न." तेवढं कमी होतं.

सापडलं नाही की एलडॅप बत्तीस नंबरची चूक सांगतं. नो सच ऑब्जेक्ट. पोस्टमन पाकिटावर 'असा इसम येथे राहत नाही' असं लिहून परत आणायचा, त्याचं हे इंग्रजी. पण खरी गंमत एलडीआयएफ या फाइलीची. बदल तिच्यात लिहून द्यायचे असतात, एका ओळीवर एक गोष्ट. आणि नियम असा, की एखाद्या ओळीच्या सुरुवातीला चुकून एक मोकळी जागा पडली तर ती ओळ नवी नाही, आदल्या ओळीचंच शेपूट आहे असं मानायचं. सभेच्या यादीत माझ्या अंगठ्यानं एकदा अशी एक जागा सोडली. जोशींच्या ओळीला कुलकर्णींची ओळ तिच्या शीर्षकासकट जाऊन चिकटली आणि जगात अस्तित्वात नसलेला एक लांबलचक जोशीकुलकर्णी तयार झाला. ना मुहूर्त, ना पत्रिका. सभेला दोघंही आले नाहीत. इतिवृत्तात दोघांचीही गैरहजेरी लागली. आणि एनआयएसमध्ये मेक तरी द्यावं लागायचं, चूक करायला दोन पायऱ्या होत्या, मधे शहाणपण सुचायला वाव होता. इथे एंटर दाबलं की लग्न लागलं.

सगळे नावाचा उर्फ कुणी मागितला तर देऊ नये, हे मी सेवेच्या दहाव्या वर्षी शिकलो. साहेबांच्या आग्रहावरून केला होता. पहिलं मेल आलं, "कँटीनमध्ये काळी छत्री विसरली आहे." त्यावर "माझी नाही" अशी एकतीस उत्तरं सगळ्यांना. मग "कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका" अशी सतरा, तीही सगळ्यांनाच. आपण मागासलेले म्हणून असं होतं असं वाटत असेल, तर १९९७ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये हेच झालं. बेडलॅम डीएल३ नावाच्या यादीत सुमारे १३ हजार कर्मचाऱ्यांची नावं होती. एकानं विचारलं, मी या यादीत कसा, मला काढा. झालं, "मलाही" अशी उत्तरं सुरू झाली, सगळ्यांना. त्यांची मेल यंत्रणा कोलमडली. ईमेलचं सॉफ्टवेअर विकणारी माणसं ती. छत्रीचं पुढे काय झालं म्हणाल, तर ती अजून माझ्या टेबलाखाली आहे.

आणि चक्रं. दिवाळीत हा रजेवर जाताना आपलं मेल त्याच्याकडे वळवतो, तोही रजेवर जाताना याच्याकडे वळवून ठेवतो. पत्र यांच्यात हेलपाटे घालत राहतं, दर टप्प्याला अंगावर एक शिक्का घेत. सेंडमेल असे पंचवीस शिक्के मोजतं आणि मग हात टेकून पत्र परत करतं. आमच्या संस्थेतल्या कागदी फाइलींवर मी याहून जास्त शिक्के पाहिले आहेत, पण तिथे मोजणारं कुणी नाही.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ झालं. बटाटेवडे झाले. गर्दी पांगल्यावर माझ्या खोलीत आले. "एक काम होतं. माझा पत्ता बंद करू नकोस लगेच. पाचशे कार्डं छापलीत, सव्वातीनशे उरलीत." आता नियम म्हणतो, माणूस गेला की नोंद काढा. मी नोंद काढली आणि उर्फ ठेवला. अण्णा, दोन टिंबं, स्टोअर्सचे नवे अधिकारी. त्यांची बदली झाली, त्यांनी आपलं मेल पुढच्याकडे वळवलं. पुढच्यानं राजीनामा दिला. त्याच्या जागी कुणाला भरलंच नाही, पद गोठवलं. आणि ज्याला वाली नाही ते सगळं पोस्टमास्टरकडे येतं, अशी आमच्याकडची व्यवस्था. मेलच्या जगात हे एक नाव काढून टाकता येत नाही. प्रत्येक डोमेनला पोस्टमास्टर हा पत्ता असलाच पाहिजे, असा नियमच आहे. त्या नावाच्या उजवीकडे अर्थात मी.

म्हणून अण्णांचं मेल गेली कित्येक वर्षं मला येतं. बहुतेक सगळा कचरा. फक्त दर वसुबारसेला कोल्हापूरकडच्या एका कागदाच्या व्यापाऱ्यांचं पत्र येतं. 'आदरणीय अण्णासाहेब, दीपावलीच्या शुभेच्छा, आपला लोभ असावा.' पहिल्या वर्षी मी ते अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चांगला माणूस आहे, दर थोडा चढा लावायचा. उत्तर घाल माझ्या नावानं." घातलं. पुढच्या वर्षी पुन्हा घातलं. मग सवयच झाली. अण्णांची भाषासुद्धा मला जमायला लागली. 'आपले पत्र पावले. पाहिले.'

यंदा दिवाळीनंतर सर्व्हर बदलायचा होता, म्हणून जुने उर्फ तपासायला बसलो. अण्णांच्या ओळीशी आल्यावर वाटलं, आता त्या गृहस्थांना सांगून टाकावं. त्यांच्या पत्राखाली टेलिफोन नंबर होता. लावला. कुणी तरुण मुलानं उचलला. मी नाव सांगून त्यांना बोलवा म्हटलं.

"काका तर कधीच रिटायर झाले, सहा वर्षं झाली. त्यांचं मेल माझ्याकडं येतंय. सिस्टिमचं मी बघतो." मग जरा थांबून म्हणाला, "त्यांनी जाताना सांगितलेलं, पुण्याच्या अण्णासाहेबांना दिवाळीला पत्र घालायला चुकायचं नाही. म्हणून मी घालतो दर वर्षी. उत्तर पण येतंय लगेच. तब्येत बरी हाय न्हवं त्यांची?"

मी म्हटलं, "मजेत आहेत." आणि फोन ठेवून मेक दिलं. आता लागत नाही, तरी दिलं.